दोरवाले सर आणि मुक्कामी गाडी

सरांच्या खोलीत एकच खुंटी होती आणि तिच्यावर कायम दोनच वस्तू असत: एक काळी छत्री आणि एक सुती दावं. छत्री पावसाळ्यापुरती उतरायची. दावं मात्र रोज त्यांच्या खांद्यावरून शाळेत यायचं. बैलाला बांधतात तसलंच, पण बैलाला कधीही न लागलेलं. महागावच्या बाजारात ते स्वतः पारखून घेत, गाठ मारून बोटानं एकदा ओढून बघत, आणि जुनं झालं की शेजाऱ्यांच्या गाईला देऊन टाकत.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे.

मी याद्या करणारी बाई आहे. लोहाऱ्याला एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. घरी फ्रिजवर एक यादी, स्टोअरच्या दारामागे दुसरी, पर्समध्ये तिसरी. गेल्या पावसाळ्यात सर गेले, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ठरलं की प्रत्येकानं त्यांच्याबद्दल थोडं लिहायचं. मी सवयीनं मुद्दे काढले. शिस्त, साधी राहणी, विषयावर प्रभुत्व. वाचून पाहिले, तर ते तालुक्यातल्या कुठल्याही निवृत्त मास्तरांना लागू पडत होते. सगळे खोडले आणि दाव्यापासून सुरुवात केली.

शाळेत त्यांना सगळे दोरवाले सर म्हणत, त्यांच्या पाठीमागे आणि कधीकधी चुकून समोरही. त्यांना राग येत नसे. राग त्यांना एकाच गोष्टीचा येई. एखादी गोष्ट आपोआप घडली असं कोणी सांगितलं की ते उसळत. शिपाईभाऊ सांगायला येत, "सर, खडू संपले." सर विचारत, "संपले? कोणी संपवले?" दार उघडं राहिलं म्हटलं की, "राहिलं? कोणी ठेवलं?" घंटा उशिरा झाली म्हटलं की, "झाली? कोणी केली?" एकदा शिपाईभाऊंनी हात जोडले. "म्या केली सर, म्या केली. पन तुमच्या वर्गात पानी घेऊन याची बी आता भीती वाटते. पानी सांडलं तरी तुम्ही मलेच इचारान, कोणी सांडलं."

"मग कोणी सांडलं असतं?"

"तुमच्या धक्क्यानं सांडलं असतं, सर."

सर खूश झाले. "हे पाहा! याला म्हणतात बरोबर माणसाला पकडणं."

त्यांच्या वर्गातल्या तासाचा अर्धा वेळ बरोबर माणसाला पकडण्यातच जायचा. इंग्रजीत वाक्याच्या कडेला कधीकधी एक तुकडा लोंबत असतो. 'फाटकावर बसलेला', 'घराची आठवण काढत', अशा अर्थाचा. तो तुकडा एकटा राहू शकत नाही. वाक्यातल्या कुठल्या तरी नामाचा असतो. मराठीत आपल्याला मदत असते. बसलेला, बसलेली, बसलेले असं म्हटलं की कोण ते निम्मं कळतं. इंग्रजीतला तुकडा मात्र कोणाच्याही शेजारी उभा केला तरी सारखाच दिसतो. तो कोणाचा, हे शोधावं लागतं. आमच्या पेपरात त्यावर हमखास प्रश्न असायचा आणि आम्ही हमखास चुकायचो.

म्हणून सर आम्हाला शाळेमागच्या चिंचेखाली न्यायचे. वाक्यातली नामं म्हणून मुलं एका ओळीत उभी राहत. नामानं जागा सोडायची नाही. एकजण तुकडा व्हायचा. त्याच्या कमरेला सर दाव्याचं एक टोक बांधत, दुसरं टोक त्याच्या हातात देत, आणि म्हणत, "जा. तुझा माणूस शोध." तुकड्यानं ओळीभोवती फिरायचं, विचार करायचा आणि आपल्या नामाच्या मनगटाला ते टोक बांधायचं. बाकी कोणी सांगायचं नाही, खुणावायचं नाही, खोकायचंही नाही. चुकलं तर सर म्हणत, "परत ये." आवाजात राग नाही, कीव नाही. बरोबर आलं तर जवळ येऊन गाठ एकदा बोटानं ओढून बघत आणि म्हणत, "बसा." शाबासकी हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

एकदा त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं: सिटिंग ऑन द गेट, द हेडमास्टर सॉ अ मंकी. त्यांना सांगायचं होतं की माकड फाटकावर बसलं होतं आणि हेडमास्तरांनी ते पाहिलं. पण ज्या जागी तो तुकडा ठेवला होता, तिथून वाचलं की फाटकावर हेडमास्तरच बसलेले निघत. ते मुद्दाम केलं होतं. दुर्दैवानं हेडमास्तर त्याच वेळी व्हरांड्यातून चालले होते. फळा वाचून थांबले.

"मी कधी बसलो फाटकावर?"

"तुम्ही नाही बसले, सर. वाक्यानं बसवलं."

"मग उतरवा मला."

"मुलं उतरवतील. घंटेपर्यंत उतरवतील बहुतेक."

हेडमास्तर दारात उभे राहिले. एका मुलीनं तुकडा उचलून माकडाच्या मागे नेऊन ठेवला तेव्हाच ते हलले. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी मला खुर्चीवर बसवा."

सरांचं दुसरं वेड एसटीचं. त्यांचं घर कळंबला, नोकरी महागावला. शनिवारी शाळा सुटली की यवतमाळवरून कळंबला जायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. त्यामुळे तालुक्यातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ त्यांना पाठ. शाळेसमोरच्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज आला की फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणत, "पुसद. उशिरा आहे." मग लिहायला लागत. आम्ही खिडकीतून पाहायचो, तर पुसदच असायची. पाटी न बघता त्यांना ते कसं कळायचं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. उत्तर सांगायचं नाही म्हणजे नाही. एकदा मधली सुट्टी निम्मी संपली तरी एक मुलगा दावं घेऊन फिरतच होता. ओळीतला एकजण कळवळला. "सर, सांगून द्या ना. डबा थंडा झाला."

"थंडा झाला? कोणी केला?"

"तुम्ही!"

"बरोबर. उभा राहा."

मला ते कधीच नाम करत नसत. कायम तुकडा. इतर मुली चिंचेच्या सावलीत आरामात उभ्या राहायच्या आणि मी कमरेला दावं बांधून गोल फिरायची. एकदा मी तक्रार केली. "सर, मलेबी एक दिवस उभी राहू द्या ना."

"उभे राहणारे पुष्कळ आहेत. तू फिर."

माझी चूकही ठरलेली होती. जे नाम सगळ्यात जवळ उभं असेल, त्याच्या मनगटाला मी दावं बांधून मोकळी व्हायची. काम उरकायची घाई मला तेव्हापासूनच. सर म्हणत, "जवळचा दिसला की बांधलंच! परत ये."

आता घरचं सांगते. आमचा तांडा महागावपासून गाडीनं तासाभरावर. बंजाऱ्यांचा तांडा; आजोबांच्या आधीच्या पिढ्यांनी बैलांच्या पाठीवर माल वाहिला, बा कापूस आणि तूर पिकवतो. तांड्यातली शाळा सातवीपर्यंत. पुढं मी महागावला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होते. बानं सुरुवातीलाच एक अट घातली होती: जोपर्यंत पास, तोपर्यंत शाळा. तो दुष्ट नव्हता. हिशेबी होता. याडीचे, म्हणजे आईचे, गुडघे गेले होते, घरात कामाला एक माणूस कमी पडत होता, आणि तांड्यातल्या ज्या मुली माझ्याआधी बाहेर शिकायला गेल्या त्या नववी-दहावीला गळून परतच आल्या होत्या. मग उगाच वर्षं कशाला घालवायची, असा त्याचा सरळ विचार होता. दहावीच्या सहामाहीत मी इंग्रजीत नापास झाले.

बाजाराच्या दिवशी तो महागावला आला. दुपारच्या सुट्टीत वसतिगृहाच्या दारात उभा. हातात रिकामी थैली.

"छोरी, पेटी भर. संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं जाऊ."

मुक्कामी गाडी म्हणजे आमच्याकडची शेवटची एसटी. संध्याकाळी निघून रात्री आमच्या पलीकडच्या गावात मुक्काम करते आणि सकाळी परत येते. ती गेली की उद्यापर्यंत काही नाही. आणि एकदा मी तिच्यात पेटी घेऊन बसले की माझी शाळा संपली, हे मला आणि बाला दोघांनाही माहीत होतं. बाशी मी आमच्या गोरबोलीत बोलते. इथं सगळ्यांना कळावं म्हणून वऱ्हाडीत लिहिते. मी म्हटलं, "शेवटचा तास इंग्रजीचा आहे. थेवढा करून येतो." एका तासानं काही बदलणार नव्हतं. पण वहीत शेवटचं पान रिकामं सोडायला मला आवडत नाही, तसंच ते होतं.

मी पेटी घेऊनच चिंचेखाली गेले. सरांनी पेटीकडे पाहिलं.

"ही कोणी आणली?"

"म्या, सर."

"काहून?"

"घरी जाऊन राह्यली. बा नेते."

सरांनी खांद्यावरचं दावं काढलं. दाव्याचं टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं हातात दिलं आणि वाक्य सांगितलं: द ओल्ड मॅन लुक्ड ॲट द बुलक, थिंकिंग ऑफ होम. म्हाताऱ्यानं बैलाकडे पाहिलं, आणि कोणी तरी घराचा विचार करत होतं. कोण, ते मी शोधायचं. एक मुलगा म्हातारा म्हणून उभा राहिला, एक बैल म्हणून. मी बैलाच्या मनगटाला दावं बांधलं.

"परत ये."

तेवढ्यात शाळेच्या कुंपणाच्या ठेंगण्या भिंतीपाशी बा आला. गाडीला वेळ होता म्हणून मला घ्यायला आला असावा. त्यानं पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "काहून बांधलं माह्या पोरीले? पळालती का?"

सगळा वर्ग हसला. मी मान खाली घातली. बाचं बरोबरच होतं. ज्याचं आयुष्य बैलांत गेलं, त्याला दाव्याचा एकच उपयोग माहीत असतो. पळणाऱ्यालाच दावं लावतात. त्याला खरंच वाटलं होतं की घरी न्यायचं म्हटल्यावर मी पळाले असेन आणि मास्तरांनी धरून ठेवली असेल.

सर हसले नाहीत. "पळाली नाही, भाऊ. काम करून राह्यली."

"दावं लावून?"

"दाव्याचंच काम आहे. बसा ना."

बा भिंतीवर टेकला. मी पुन्हा फिरले. पुन्हा बैलाला बांधलं. माझं कारण पक्कं होतं. आमच्या तांड्यात विकलेला बैल दावं तोडून घरी परत आल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घराचा विचार बैलाइतका कोण करतो?

"परत ये."

बाला राहवलं नाही. वाक्य काय ते त्यानं शेजारच्या मुलाकडून समजून घेतलं होतं. "बैलच आहे, गुरुजी! बैलाले घर समजते."

"समजते, भाऊ. शंभर टक्के समजते. पण या वाक्यात कोणाले समजून राह्यलं, थे तिले पाहू द्या."

"मग सांगून द्या ना. कायले लेकराले फिरवता?"

"म्या सांगितलं तर थे माहं होईल. तिचं होणार नाही."

शाळेची घंटा झाली. बाकीचे वर्ग सुटले, पोरं धुरळा उडवत फाटकाबाहेर गेली. आमचा वर्ग उभाच. बैल झालेला मुलगा रडकुंडीला आला होता. "सर, बैलाले तरी सोडा. माय वाट पाह्यते."

"नामानं जागा सोडायची नाही."

म्हातारा झालेला मुलगा म्हणाला, "बैला, गुमान उभा राह्य." पुन्हा सगळे हसले. मी हसले नाही. कुंपणापलीकडे रस्ता होता आणि मी त्या रस्त्याकडे कान लावून फिरत होते. मला काय हवं होतं तेही मला कळत नव्हतं. उत्तर सापडलं तर तास संपला, तास संपला तर गाडी.

मग इंजिनाचा आवाज आला. सर माझ्याकडेच बघत होते. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "मुक्कामी. वेळेवर."

गाडी फाटकासमोर थांबली. खेड्यावरची पोरं चढली. कंडक्टर बाला ओळखत होता. बाजाराला बा त्याच गाडीनं यायचा. त्यानं दारातून हाक मारली, "ओ भाऊ! चाला! शेवटची हाय!" हॉर्न वाजला. पुन्हा हाक आली. मी मागं वळून पाहिलं. बानं हात वर केला होता. थांबायला सांगतोय, असं मला वाटलं. माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये सर उभे होते, खांदे सैल सोडून, जणू दिवसभर उभं राहायचं असल्यासारखे.

"परत ये," ते म्हणाले. "सुरुवातीपासून चाल."

मी दावं ओढत ओळीच्या अगदी पुढच्या टोकाला गेले आणि तिथं उभी राहून वाक्य मोठ्यानं म्हटलं. थिंकिंग ऑफ होम, द ओल्ड मॅन लुक्ड ॲट द बुलक. ते चाललं. अर्थ तोच राहिला. 'बुलक'नंतरच्या स्वल्पविरामाशी सर जो थोडा थांबा घ्यायचे, तो मी इतका वेळ ऐकलाच नव्हता. त्या थांब्यामुळे मी बैलाची उरले नव्हते. मला इथपर्यंत चालत येता येत होतं, आणि इथं माझ्या शेजारी म्हातारा उभा होता. मी त्याच्या मनगटाला गाठ मारली.

सर आले. गाठ बोटानं एकदा ओढली.

"बसा."

पोरं पाखरांसारखी उडाली. रस्ता रिकामा होता. बा भिंतीवरून उठला, माझ्या पेटीजवळ आला आणि सरांना म्हणाला, "गाडी गेली."

"गेली," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी 'कोण' विचारलं नाही.

रात्री बा सरांच्या खोलीवर जेवला आणि तिथंच झोपला. मी पेटीसह वसतिगृहात परतले. सकाळी तो फाटकात आला तेव्हा थैली भरलेली होती. बाजारातून घरी न्यायला घेतलेले फुटाणे आणि गूळ त्यानं माझ्या ओंजळीत रिकामे केले. मी विचारलं, सर काय म्हणाले. तो म्हणाला, "काई नाई. जेवलो, झोपलो. भाकर कच्ची होती मास्तरची." मग गाडीत चढताना म्हणाला, "परीक्षा देऊनच ये."

मी परीक्षा दिली. इंग्रजीत पास झाले. भरघोस नाही, पण पास. पुढं यवतमाळ, मग कॉमर्स, मग लोहाऱ्याची नोकरी. स्टोअरच्या प्रत्येक यादीत माझा पहिला रकाना 'कोण' असतो. काय करायचं ते नंतर. नवीन आलेली मुलं कुरकुरतात. "मॅडम, माल कमी आला एवढंच लिहिलं तर चालत नाही का?" मी म्हणते, "कमी आला? कोणी मोजला?" स्वतःचाच आवाज ऐकून मला हसू येतं.

आणि इतकी वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत आले. नोकरीच्या मुलाखतीत सांगितली, लग्न ठरताना सांगितली, माझ्या मुलांना तर इतक्यांदा की ती पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतात. आमच्या सरांना तालुक्यातली प्रत्येक गाडी आवाजावरून ओळखू यायची. माझी शाळा सुटू नये म्हणून त्यांनी मुद्दाम तास लांबवला आणि मुक्कामी गाडी सोडली. ऐकणारे मान हलवतात. गोष्ट चांगली आहे.

सर निवृत्त होऊन कळंबला राहत होते. वर्षातून एकदा तिथल्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला गेले की मी त्यांच्याकडे जायची. नजर अधू झाली होती, कान मात्र शाबूत. ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून गाडी गेली की कुठली ते सांगायचे. आता गाड्या बदलल्या होत्या, वेळा बदलल्या होत्या, तरी सांगायचे. खरं-खोटं मी तपासलं नाही. दोन वर्षांपूर्वी मला एकाएकी वाटलं की आपण या माणसाचे नीट आभार कधी मानलेच नाहीत. दरवेळी पेढे ठेवायचे, तब्येत विचारायची आणि उठायचं. म्हणून सरळ मुद्द्यावर आले.

"सर, त्या दिवशी तुम्ही ती गाडी सोडली म्हणून मी आज इथं आहे. हे मला तुम्हाला एकदा सांगायचं होतं."

 सरांनी मान हलवली. नाही, अशी. आणि तो जुना आवाज, राग नाही, कीव नाही:

"जवळचा दिसला की बांधलंच! परत ये."

मी विचारलं, "मग कोण, सर?"

"आता या वयात सांगू होय तुला?"

पेढ्याचा डबा उघडून एक पेढा खाल्ला त्यांनी. विषय संपला.

घरी येताना मी सरांनी शिकवलं तसंच केलं. सुरुवातीपासून चालले. सरांनी तास लांबवला, खरं. पण सर नेहमीच तास लांबवायचे. त्या दिवशी वेगळं असं त्यांनी काहीच केलं नव्हतं. बा वर्गात शिरून माझ्या कमरेचं दावं सोडून मला नेऊ शकत होता. त्याला कोणी अडवलं नव्हतं, सरांनीही नाही. कंडक्टरनं हाक मारली होती ती बाला. हात वर केला होता बानं. आणि थांबायला सांगितलं असतं, तर ओळखीचा कंडक्टर थांबला नसता का?

पुढच्या रविवारी तांड्यावर गेले. बा अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. आता बैल नाहीत घरी, पण हाताला सवय आहे. मी समोर बसले.

"बा, त्या दिवशी मुक्कामी गाडी कोणी सोडली?"

"गाडी तं डायवर सोडते, माय."

"बा!"

तो दोर वळतच राहिला. "कंडक्टरनं दोन हाका मारल्या. म्या हात केला, जाय म्हनून."

"काहून? तू तं मले न्यालेच आलता."

"आलतो ना. पन तू मधातच होती. फिरूनच राह्यलती. नांगराच्या अर्ध्या तासातून बैल बी सोडत नाई कोणी." मग दोराला आणखी एक पीळ देऊन म्हणाला, "आन थो मास्तर. घंटा झाली, शाळा खाली झाली, तरी उभाच. एकदाबी तुले सांगितलं नाई. मले वाटलं, हा परका मानूस माह्या पोरीसाठी इतका वेळ उभा राह्यते, तं मलेच कायची घाई हाय?"

"मग इतकी वर्षं बोलला काहून नाई?"

"तू आज इचारलं."

मी त्याच्या हातातल्या दोराचं टोक धरून बसले. तो वळत होता तेवढा वेळ ते मी धरून ठेवलं. आमच्यात एवढंच झालं.

त्यानंतर लगेचच्याच रविवारी मी कळंबला गेले, दर्शनाचं निमित्त न करता. सर ओसरीवरच होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. मी चपलाही काढल्या नाहीत. पर्स खांद्याला तशीच ठेवून त्यांच्यापुढे उभी राहिले.

"सर, बानं सोडली."

सरांनी हात पुढं केला. अंदाजानं माझ्या पर्सचा पट्टा चाचपला आणि दोन बोटांनी एकदा ओढून पाहिला.

"बसा," ते म्हणाले.